खेळाडू हजर आहे का?

ताळगावच्या पठारावर, विद्यापीठाच्या मागच्या ब्लॉकमध्ये
आमच्या लॅबला खिडकी आहे, पण ती उघडत नाही.
एसी यंत्रांसाठी. आम्ही स्वेटर घालून बसतो,
मे महिन्यात, गोव्यात, स्वेटर.

चार महिने नुसतं पाणी करत होतो.
रोव्हेनाकडे लाटांची गणितं, हर्षद गावसकडे चिखल,
माझ्याकडे पाण्यावरचा उजेड:
किरण पाण्यात किती वेळा वळवायचा.
तीनदा वळवला तर यंत्र तापतं,
दोनदा वळवला तर पाणी प्लास्टिकचं दिसतं,
अडीच वेळा वळवायची सोय नाही.

चिखलाचा रंग तर ठरेचना.
हर्षदने चोडणहून खराखुरा आणला
टिफिनच्या तिसऱ्या डब्यातून.
कॅमेऱ्याखाली ठेवला, दिवे लावले,
संध्याकाळपर्यंत सुकून त्याचा रंगच निराळा.
तो डबा त्याच्या आईने घरात घेतला नाही.
अजून आमच्या न उघडणाऱ्या खिडकीत आहे.

खेळ साधा होता.
खाजन शेत, बांध, बांधात मानस.
मी साताऱ्याकडचा, आमच्यात मानस म्हणजे मनातला बेत.
इथे लाकडी दार, खाडीच्या तोंडावरचं.
भरती चढायच्या आत बटण दाबून ते लावायचं,
नाहीतर खारं पाणी भातात.
पै काकोडे मॅडम म्हणाल्या, पेपर पाठवण्याआधी
ज्यांचं पाणी आहे त्यांना दाखवून या.

रायबंदरहून फेरीने गेलो.
लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला, वर पावांची पिशवी.
बोस्त्यांव मामा दाराजवळच्या दगडावर होते,
शेजारी जाळं, बादलीत चार सुंगटं.
हात चड्डीला पुसले, कंट्रोलर उलटा धरला,
आम्ही सरळ करून दिला.

बराच वेळ पाणीच पाहिलं त्यांनी.
"तुमचें उदक खूब धांवता.
परततना रावता तें, मातशें. मागीर घुंवता."
हर्षदने वहीत लिहिलं: वळण्याआधी थांबतं.
"किती सेकंद?" रोव्हेनाने विचारलं.
मामांनी तिच्याकडे पाहिलं,
मग पुन्हा पडद्याकडे.

आणि बसून राहिले.
अंगठा बटणावर, पण दाबेनात.
पडद्यावर खुंटाची काळी खूण भिजली.
तीस सेकंद. साठ.
मी हर्षदला कोपराने ढोसलं, त्याने मला.
मग पडदा अंधारला आणि वर आलं
मीच लिहिलेलं, पांढऱ्या अक्षरांत:
खेळाडू हजर आहे का?

रोव्हेनाने ते कोकणीत सांगितलं.
"हांव आसां मरे," मामा म्हणाले,
दारावरची नजर न काढता.

त्या अंधारलेल्या पाण्यात, ऐंशीच्या आसपास,
भरतीने दाराला पाठ लावली
आणि दार आपणहून लागलं.
वजन आमचंच, बिजागरी आमची, गणित रोव्हेनाचं;
तीनशे चाचण्यांत कुणी पाहिलं नव्हतं,
कारण प्रत्येक वेळी कुणीतरी बटण दाबलं होतं.

"मग तुम्ही करता काय इथे?" हर्षदच्या तोंडून निघून गेलं.
फटीत काठी अडकली तर काढायची, एवढंच,
आणि ती कधी अडकेल ते सांगता येत नाही.
एवढ्यात निकाल आला:
खेळाडू निष्क्रिय. गुण शून्य.
मामांनी तो वाचून घेतला नाही.
खरं पाणी चढायला लागलं होतं, ते उठले,
कंट्रोलर जपून पावांवर ठेवला.

परतीच्या फेरीत कुणी फारसं बोललं नाही.
रात्री मी ती ओळ काढली,
मग बटण काढलं,
मग उरलेल्या खेळाकडे पाहत बसलो,
स्वेटर न घालता.

पेपर गेला. परीक्षकाचा एकच प्रश्न परत आला:
या खेळात खेळाडू नेमकं काय करतो?
उत्तराला आठ दिवस आहेत.
मॅडम म्हणतात, एक परिच्छेद तरी हवा.
रोव्हेना म्हणते,
लिही, बसून असतो.